‘द पेल हॉर्स’ पुण्यात घडवायची असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : अगाथा ख्रिस्तीची ‘द पेल हॉर्स’ वाचून तुम्हाला पुण्यात घडणारी कादंबरी लिहावीशी वाटते आहे. तिच्यात खून असतील आणि लोकांना करणीचा संशय असेल. ख्रिस्तीने दाखवलेलं थॅलियम खरोखर तसं वागतं का, आजच्या पुण्यात असा विषप्रयोग लपून राहील का, करणीचा संशय शेवटपर्यंत कसा टिकवायचा आणि तपास कोणाच्या हाती द्यायचा, हे तुम्ही विचारलं आहे. न्यायवैद्यक हा माझ्या नोकरीचा विषय आणि रहस्यकथा हे जुनं वेड, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांनी आधी ती वाचावी. खुनी कोण हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

विषाकडे वळण्याआधी रचना बघू, कारण या कादंबरीची खरी ताकद तिच्यात आहे. पुस्तक 1961 चं. मरणाच्या दारातल्या एका बाईचं शेवटचं बोलणं ऐकून परतणाऱ्या फादर गोर्मनचा लंडनच्या धुक्यात खून होतो आणि त्याच्या बुटात नावांची यादी सापडते. यादीतली बरीच माणसं मेलेली आहेत, पण प्रत्येकाच्या मृत्यूचं कारण वेगळं आणि सगळ्यांचं नैसर्गिक. धागा पोचतो मच डीपिंग नावाच्या खेड्यातल्या एका घरात. पूर्वी ती सराई होती, आता तिथे तीन बायका राहतात. थर्झा ग्रे मनाच्या शक्तीवर व्याख्यानं देते, सिबिल समाधी लावते आणि स्वयंपाकीण बेला पांढरा कोंबडा कापते. शिवाय खोलीत एक यंत्र असतं. ज्याला मारायचं त्याची वापरातली एखादी वस्तू लागते, हातमोजा चालतो. आपल्याकडे पायाखालची माती, अंगावरच्या कपड्याची चिंधी किंवा केस मागतात, तसंच.

आणि पैशाचा व्यवहार? तो बर्मिंगहॅममध्ये बसलेला, सनद गमावलेला वकील ब्रॅडली बघतो. तो फक्त पैज लावतो. तुमची श्रीमंत मावशी अमुक तारखेला जिवंत असेल असं तुम्ही म्हणायचं, नसेल असं तो म्हणणार. मावशी गेली की तुम्ही पैज हरलात, पैसे द्या. कोणी कोणाला ‘मार’ म्हटलेलंच नाही.

आता यात करणीचं काम काय आहे ते नीट पाहा. तिने कोणीच मरत नाही, ती फक्त सगळ्यांचे प्रश्न बंद करते. पैसे देणाऱ्याला वाटतं, आपण खून केला नाही, कुठेतरी एक विधी झाला. पोलिसांना वाटतं, मंत्राने माणूस मारल्याचा खटला कुठल्या न्यायालयात उभा करायचा? डॉक्टरला वाटतं, न्यूमोनिया झाला होता, विषय संपला. त्यामुळे पेशंटने काय खाल्लं, घरात कोण येऊन गेलं, दुखणं नेमकं कोणत्या दिवशी सुरू झालं, हे साधे प्रश्न कोणी विचारतच नाही. तुमच्या पुण्याच्या कादंबरीत करणीला हेच काम द्या. तिला नुसतं वातावरणनिर्मितीसाठी वापरलंत तर चार पानांत तिचा दम सुटेल.

खरी योजना अगदी रुक्ष आहे. बाजार-पाहणी करणाऱ्या संस्थेची बाई दारोदार जाऊन विचारते : तुम्ही कोणता साबण, कोणती क्रीम, कोणतं औषध वापरता? काही दिवसांनी मीटर तपासणारा किंवा नळ दुरुस्त करणारा असा कोणीतरी येतो आणि त्यातली एक वस्तू बदलून जातो. मरणाऱ्या बाईने फादरला सांगितलं ते हेच. ती त्या पाहणीचं काम करत असे आणि आपण ज्यांच्या घरी गेलो ती माणसं मरतात हे तिच्या लक्षात आलं होतं. या सगळ्यामागे आहे झकरायाह ऑस्बर्न, एक सभ्य, बोलका औषधविक्रेता. आपण फादरच्या मागे जाणारा माणूस पाहिला असं तो स्वतःहून पोलिसांना सांगतो आणि वेनेबल्स नावाच्या, पोलिओने पाय गेलेल्या श्रीमंत माणसाचं अगदी हुबेहूब वर्णन करतो. आपण ज्याला अडकवतो आहोत त्याला चालताच येत नाही, हे त्या वेळी त्याला ठाऊक नसतं.

ख्रिस्तीला हा माणूस कुठे सापडला हे तिने आत्मचरित्रात लिहिलं आहे. पहिल्या महायुद्धात ती टॉर्कीच्या रुग्णालयात आधी परिचारिका होती, मग औषधं बनवण्याच्या विभागात गेली. तिथे शिकत असताना तिला एक औषधनिर्माता भेटला, जो खिशात क्युरारे या जहाल विषाचा गोळा बाळगत असे. ते जवळ असलं की आपल्याला सामर्थ्य असल्यासारखं वाटतं, असं तो सांगे. जवळजवळ पन्नास वर्षांनी तिने त्याला कादंबरीत आणलं. होतकरू लेखकाने हे मनात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. तिचं विषाचं ज्ञान बरण्या हाताळून आणि मापं घेऊन आलेलं आहे.

आता थॅलियम. हा जड धातू 1861 मध्ये विल्यम क्रूक्सने वर्णपटातल्या हिरव्या रेषेवरून शोधला. त्याच्या क्षाराला रंग, वास, चव नाही आणि तो पाण्यात विरघळतो. एके काळी तो उंदीर मारायला सर्रास वापरत. त्याहून आधी मुलांच्या डोक्यातल्या नायट्यावर उपचार करताना केस काढायलाही देत. शरीराला तो पोटॅशियमसारखा भासतो, म्हणून पेशी त्याला आपणहून आत घेतात आणि मग आतलं कामकाज बिघडतं. नसा, हृदय, आतडी, केसांची मुळं, जिथे काम जास्त तिथे नुकसान जास्त. एकाच विषाने एकाला पोटदुखी, दुसऱ्याला झटके, तिसऱ्याला लुळेपणा येऊ शकतो, आणि प्रत्येकाच्या डॉक्टरला वेगळंच निदान सुचतं. यादीतल्या प्रत्येकाचं मरण निराळं दिसावं ही ख्रिस्तीची कल्पना वैद्यकाच्या दृष्टीने पक्की आहे.

क्रम साधारण असा असतो. पहिल्या एक-दोन दिवसांत पोटात दुखतं, ओकाऱ्या होतात, पुढे बद्धकोष्ठ होतो. मग तळपायांची आग सुरू होते. ही वेदना इतकी भयंकर असते की अंगावरच्या चादरीचा स्पर्श सहन होत नाही. दोन-तीन आठवड्यांनी केस झुपक्यांनी हातात येतात. भुवयांचा बाहेरचा भाग गळतो, नाकाजवळचा बहुतेक राहतो. महिन्याभराने नखांवर आडवे पांढरे पट्टे दिसतात.

ख्रिस्तीने सगळा भार केसांवर दिला. चेल्सीतल्या कॉफी बारमध्ये दोन मुली भांडतात, एकीच्या हातात दुसरीचे केस मुळासकट येतात आणि जिचे केस उपटले ती म्हणते, मला दुखलंच नाही. रहस्याची किल्ली तिथेच वाचकाच्या हातात दिलेली आहे, पण वाचक ती भांडणाचा तपशील समजून पुढे जातो. फक्त एक लक्षात ठेवा. मात्रा मोठी असेल तर केस गळायच्या आधीच माणूस जातो. म्हणजे केसांचा पुरावा हवा असेल तर निदान एक बळी दोन-तीन आठवडे जगला पाहिजे. तुमचं वेळापत्रक त्यावर बसवा.

हे कागदावरचं नाही याचे दोन दाखले. 1971 मध्ये इंग्लंडमधल्या बोव्हिंग्डनला एका कारखान्यात कामगार एकामागून एक आजारी पडू लागले. लोक म्हणाले, विषाणूची साथ आली. कोणी पाण्यावर संशय घेतला. प्रत्यक्षात चहा देणारा ग्रॅहॅम यंग त्यात थॅलियम घालत होता. 1972 मध्ये त्याला शिक्षा झाली. तिथे कोणाला चेटूक सुचलं नाही, पण त्यांचंही तयार उत्तर होतं, ‘साथ’. प्रत्येक समाजाकडे असं एक तयार उत्तर असतं आणि खुनी त्याच्या आडोशाला उभा राहतो.

दुसरा दाखला 1977 चा, लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातला. कतारहून आणलेली दीड वर्षाची मुलगी अर्धबेशुद्ध होती आणि निदान होत नव्हतं. तिची शुश्रूषा करणारी परिचारिका त्याच दिवसांत ‘द पेल हॉर्स’ वाचत होती. केस गळायला लागलेले पाहून तिने डॉक्टरांना थॅलियमबद्दल सुचवलं. तपासणीत ते निघालं. घरात झुरळं-उंदरांसाठी वापरलेलं औषध मुलीच्या पोटात गेलं होतं. मुलगी वाचली. एका कादंबरीने जीव वाचवल्याची इतकी चोख नोंद क्वचितच मिळते. म्हणून मी म्हणतो, लक्षणं खरीच लिहा. कोण कधी वाचत असेल सांगता येत नाही.

आता पुणे. लपेल का? काही काळ, हो. आणि तुमच्यासाठी एक काळ चालून आलेला आहे. जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गिया बारे सिंड्रोम म्हणजे जीबीएस या नसांच्या आजाराचे रुग्ण अचानक वाढले. दूषित पाणी आणि कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू यांच्याशी संबंध जोडला गेला. शहरभर एकच बोलणं होतं : पाणी उकळून प्या, बाहेरचं पनीर खाऊ नका. त्या दिवसांत पोट बिघडून मग पाय लुळे पडलेला रुग्ण दाखल झाला तर कोणताही डॉक्टर आधी जीबीएसच म्हणेल, आणि तसं म्हणण्यात त्याची चूक नसेल. थॅलियमचा सुरुवातीचा अवतार जीबीएसला फार जवळचा आहे. फरक बारीक आहेत. जीबीएसमध्ये गुडघ्यावर हातोडी मारल्यावर येणारा झटका लवकर नाहीसा होतो, थॅलियममध्ये तो बराच काळ टिकू शकतो. तळपायांची आग थॅलियममध्ये फार तीव्र असते. आणि केस. म्हणजे तुमच्या एकाच बळीभोवती दोन पडदे तयार आहेत. रुग्णालय म्हणतंय साथ, आणि घरातली आत्या म्हणतेय करणी, कारण अमावास्येच्या सकाळी दारात टाचण्या टोचलेलं लिंबू आणि काळी बाहुली सापडली होती.

दुसरी फट दाखल्याची. घरी मृत्यू झाला की फॅमिली डॉक्टर मृत्यूच्या कारणाचा दाखला देतो, त्यावर महापालिकेचा पास मिळतो आणि वैकुंठात किंवा जवळच्या स्मशानभूमीत काही तासांत अंत्यविधी उरकतो. अशा दाखल्यांवर ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ लिहिण्याची सवय फार जुनी आहे. हृदय आणि श्वास थांबले, हे कारण कसं होईल? मरण येताना प्रत्येकाचे ते थांबतातच. विद्यार्थ्यांना मी हे पुनःपुन्हा सांगत आलो. कादंबरीत पहिला मृत्यू या फटीतून निसटू द्या, वाचकाला ते लगेच पटेल.

दहन झालं म्हणजे पुरावा संपला, असं मात्र समजू नका. सेंद्रिय विषं जळून जातात, धातू मागे राहू शकतो. यंगच्या खटल्यात एका बळीच्या दहनानंतरच्या राखेत थॅलियम सापडलं होतं. आपल्याकडे अस्थी लगेच आळंदीला किंवा नाशिकला जातात. पण परदेशातल्या मुलाची वाट बघत अस्थिकलश घरात टांगून ठेवलेला असेल, तर तुमच्या निरीक्षकाकडे तपासायला काहीतरी आहे.

याहून मोठा पुरावा मी सुचवतो. तो पुणेरी घरातच मिळेल. जुन्या वळणाची आजी केस विंचरून झाल्यावर गुंतवळ बाहेर टाकू देत नाही. कोणाच्या हाती पडले तर करणी करतील, म्हणून ते बोटाभोवती गुंडाळून डब्यात नाहीतर भिंतीच्या कोनाड्यात ठेवते. केसांच्या बदल्यात सुया-पिना देणारी बाई दारावर यायची तेव्हापासूनची ही सवय. अशा आजीला कुणाचं किती गुंतवळ निघतं याचा अंदाज असतो. सून आजारी पडली आणि तिसऱ्या आठवड्यात डबा भरला, हे तिच्याच नजरेत आधी येणार. ती म्हणणार, कोणीतरी हिचे केस नेले, करणी केली. घरातले तिला गप्प करणार. पण डबा तसाच राहतो. रोज विंचरताना आपोआप पडणारा केस वाढ थांबलेला असतो. थॅलियमने पडणारा केस वाढत असतानाच तुटून येतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या मुळाशी काळा पट्टा दिसतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. लांब केसाचे तुकडे करून प्रत्येकातला धातू मोजला तर विष कधी गेलं, एकदा की वारंवार, हे कळू शकतं. ज्या भीतीमुळे सगळ्यांची नजर चुकीकडे गेली, त्याच भीतीने पुरावा सांभाळून ठेवला. ही कल्पना घ्या, मला आनंदच होईल.

जिवंत रुग्णात निदान करायचं तर चोवीस तासांची लघवी जमा करून तीत थॅलियम मोजतात. नेहमीच्या विषतपासणीत ते कळतच नाही, डॉक्टरला नाव घेऊन मागावं लागतं. म्हणजे आधी कोणाच्या तरी मनात शंका यायला हवी, आणि तो क्षण तुमच्या कादंबरीचा मध्य. उपचारासाठी प्रशियन ब्ल्यू तोंडावाटे देतात. हो, तोच चित्रकाराच्या पेटीतला निळा रंग, औषधी दर्जाचा. आतड्यात पुन्हापुन्हा उतरणारं थॅलियम तो धरून ठेवतो आणि बाहेर काढतो.

मृत्यू संशयास्पद ठरला तर अकस्मात मृत्यूची नोंद, इन्क्वेस्ट पंचनामा, ससूनला शवविच्छेदन, व्हिसेरा म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने राखून गणेशखिंडीतल्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे. डॉक्टर मृत्यूच्या कारणाबद्दलचं मत राखून ठेवतात आणि सगळे ‘सीए रिपोर्ट’ची, म्हणजे रासायनिक तपासणीच्या अहवालाची, वाट बघतात. ही वाट लांबते. तुमच्या खुन्याला तेवढा अवधी मिळतो.

विष म्हणून थॅलियमच हवं असा हट्ट मात्र नको. 2023 मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या महागावात एकाच कुटुंबातल्या पाच जणांचे मृत्यू झाले, तेव्हा पोलिसांनी थॅलियमचाच आरोप ठेवला. त्यामुळे मराठी वाचकाला हे नाव आता ओळखीचं झालं आहे, केस गळाले की तो सावध होईल. करणीच्या कथेला शोभणारं देशी विष धोत्रा. बाहुल्या विस्फारतात, तोंड कोरडं पडतं, माणूस असंबद्ध बडबडतो, हवेतून आणि कपड्यांवरून न दिसणाऱ्या वस्तू वेचत राहतो. बघणारा सहज म्हणेल, झपाटलंय. धोत्र्याचं बी मिरचीच्या बीसारखं दिसतं, आमच्या परीक्षेत दोन्ही शेजारी ठेवून ओळखायला सांगायचे. धोत्र्याचं तपकिरी, मूत्रपिंडाच्या आकाराचं, मिरचीचं पिवळट. लिंबू-मिरचीच्या गोष्टीत हे बी कुठे सापडू शकतं याचा विचार तुम्ही करा.

आता संशय टिकवण्याबद्दल. ख्रिस्ती एक गोष्ट कसोशीने पाळते. करणीवर विश्वास असलेली माणसं ती मूर्ख दाखवत नाही. बेला मनापासून मानते, आणि निवेदक मार्क ईस्टरब्रुक हा इतिहास लिहिणारा सुशिक्षित माणूस त्या खोलीतून हादरून बाहेर पडतो. तुमचा संशयही सदाशिव पेठेतल्या निवृत्त प्राध्यापकाच्या मनात शिरू दे. वेताळ टेकडीवर मध्यरात्रीची पूजा दाखवण्याचा मोह टाळा, ती फार वापरून झाली आहे. भीती दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये, ट्यूबलाइटच्या उजेडात जास्त वाढते.

पण शेवटी ‘कदाचित करणीही खरी असेल’ असं मोघम ठेवू नका. यावर माझं मत ठाम आहे. आपल्या राज्यात करणीच्या संशयावरून बायकांना मारहाण होते, कुटुंबं वाळीत टाकली जातात. परभणी जिल्ह्यातल्या मानवतला 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला गुप्तधनाच्या नादात बायका आणि लहान मुली मारल्या गेल्या. आणि या प्रथांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षं झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर खून झाला. पुण्यात ही कथा लिहिणाऱ्याला तो पूल ओलांडूनच जावं लागेल. त्यांच्या मृत्यूनंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात कायदा मंजूर झाला. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार रुपये, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र.

तपास कोणाकडे द्यायचा याचं उत्तर याच कायद्यात आहे. त्यात दक्षता अधिकाऱ्याची तरतूद आहे आणि तो पोलीस निरीक्षकापेक्षा खालच्या दर्जाचा चालत नाही. म्हणून शंका एखाद्या परिचारिकेला किंवा निवासी डॉक्टरला येऊ द्या. रुग्णालय एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायचं वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण, नोंदवून त्यांना कळवेल आणि प्रकरण निरीक्षकाकडे येईल. खुनाचा पुरावा नाही, पण लिंबू-बाहुली ठेवणाऱ्या आणि ‘अमक्याला संपवतो’ म्हणून पैसे घेणाऱ्या मांत्रिकाला तो जादूटोणाविरोधी कायद्याखाली लगेच अटक करू शकतो. मांत्रिक येरवड्यात गेला आणि तरीही पुढचा माणूस आजारी पडला, की गोष्ट खऱ्या अर्थाने सुरू होते. मानणारे म्हणतील, तुरुंगातूनही करणी चालते. निरीक्षक म्हणेल, मग हा माणूस मारेकरी नाही.

इथे हिशेब मात्र चोख ठेवा. थॅलियमची लक्षणं दिसायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून अटक आणि नवा आजार यांत निदान आठवडाभराचं अंतर हवं. तेवढ्यानेही भागणार नाही. विष मिसळलेल्या वस्तूचा डबा अटकेआधीच घरात आणून ठेवला होता, असं सरकारी वकील म्हणू शकतो. तेव्हा तो डबा अटकेनंतर विकत घेतला होता हे दाखवणारी दुकानाची तारखेची पावती पंचनाम्यात आली पाहिजे.